उंच सेंटरचे छोटे हाड

दुखापतीमुळे वर्षभर बाहेर बसलेला बास्केटबॉलचा तरुण सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा संघातला उंच खेळाडू, मैदानात परततो, पहिल्या पाच मिनिटांत एक दणदणीत डंक मारतो, म्हणजे उडी मारून चेंडू हातानेच रिंगमध्ये ठोकतो, आणि प्रेक्षक निकाल देऊन मोकळे होतात: पूर्ण बरा झाला! चौथ्या सामन्यात तो जरा लंगडला, की दुसरा निकाल येतो: हा काचेचाच बनलेला आहे. या दोन्ही निकालांची मला चीड येते. त्याच्या पायात नेमके काय बिघडले होते आणि ते कशाने भरून आले, हे कोणी विचारतच नाही.

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधले दोन खेळाडू घ्या. २००७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, पोर्टलँडने ग्रेग ओडेनला सर्वांत आधी निवडले, पुढे मोठा तारा झालेल्या केविन ड्युरँटच्याही आधी. पोर्टलँडकडून तो खेळला एकूण ८२ सामने, तेही दोन हंगामांत मिळून. २०२२ मध्ये ओक्लाहोमा सिटीने चेट होमग्रेनला दुसऱ्या क्रमांकावर घेतले. दुखापतीने त्याचा पहिला हंगाम पूर्ण बुडाला आणि परतल्यावर २०२३-२४ च्या एकाच हंगामात तो ८२ पैकी ८२ सामने खेळला. दोघेही सात फुटांचे, दोघांचेही पहिले वर्ष वाया गेलेले.

पण दुखावले होते ते वेगवेगळे. होमग्रेनच्या पावलाच्या मध्यातला लिसफ्रँक सांधा बिघडला होता. तिथल्या अस्थिबंधांना, म्हणजे हाडे एकमेकांना बांधणाऱ्या पट्ट्यांना, थोडाफार रक्तपुरवठा असतो. सांधा हलू न देता पुरेसा वेळ दिला, तर ते भरून येऊ शकतात. ओडेनच्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झिजली होती. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती स्वतःला जवळजवळ दुरुस्त करू शकत नाही. शल्यविशारदांनी त्याच्या हाडाला बारीक छिद्रे पाडली. त्यांतून मज्जेतल्या पेशी वर येतात आणि कूर्चेसारखा थर तयार करतात, पण तो थर तंतुमय असतो आणि मूळ गुळगुळीत कूर्चेइतका टिकत नाही. पुढे डिसेंबर २००९ मध्ये त्याच्या दुसऱ्या गुडघ्याची वाटीही फुटली.

आता माझ्या आवडत्या हाडाकडे येतो. पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या माथ्यावर नौकेच्या आकाराचे एक छोटे हाड असते, नाविक्युलर. चिनी सेंटर याओ मिंगची कारकीर्द २०११ मध्ये संपली, त्यात डाव्या पावलातल्या याच हाडाचा मोठा वाटा होता. दुसरा सेंटर जोएल एम्बीड, त्याचे उजव्या पावलातले नाविक्युलर मोडले आणि २०१४ च्या ड्राफ्टनंतरचे दोन्ही हंगाम त्याला बाहेर बसावे लागले.

हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. त्यात सतत खोदकाम आणि बांधकाम चालू असते. वारंवारच्या उड्यांनी हाडात सूक्ष्म भेगा पडतात. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी तो खराब भाग पोखरून काढतात, याला काही आठवडे लागतात. मग ऑस्टिओब्लास्ट पेशी त्या खड्ड्यात नवे हाड रचतात, याला काही महिने लागतात, आणि त्यात खनिजे पूर्ण भरेपर्यंत आणखी काही महिने जातात. गंमत या वेळापत्रकात आहे. खोदणारे आधी येतात आणि बांधणारे रेंगाळतात, म्हणून दुरुस्ती सुरू झाल्यावर हाड काही काळ आधीपेक्षा कमकुवत असते! सराव एकदम वाढवला तर एकाच वेळी अनेक खड्डे उघडे राहतात, शेजारच्या भागावर जास्त ताण येतो, तिथे नव्या भेगा पडतात आणि एके दिवशी त्या एकमेकींना मिळतात.

नाविक्युलरची अडचण दुहेरी आहे. मागून घोट्याचे हाड आणि पुढून पावलाची छोटी हाडे त्याला दाबतात, अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीसारखे. आणि जिथे ताण सर्वांत जास्त, त्या मधल्या भागातच रक्तपुरवठा सर्वांत कमी. बांधकामाचे साहित्य रक्तातूनच यायचे असल्यामुळे ते तिथे उशिरा पोहोचते.

त्यात उंचीची भर. १८० सेंमी उंचीचा माणूस त्याच प्रमाणात २१६ सेंमीचा केला, तर उंची १.२ पट, हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ १.४४ पट, पण वजन १.७३ पट होते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ताण १.२ पट. गॅलिलिओने हे १६३८ मध्येच लिहून ठेवले आहे. वीस टक्के किरकोळ वाटतात, पण वारंवार भार घेणाऱ्या पदार्थाचे आयुष्य ताणाच्या मोठ्या घातांकाने घटते. हा घातांक ६ धरला, तर १.२ चा सहावा घात जवळपास ३ येतो. हाडाने जितक्या उड्या सोसल्या असत्या, त्याच्या एक तृतीयांशच उरल्या.

पोर्टलँडच्या सेंटरांना शाप आहे, अशी एक गोष्ट चवीने सांगितली जाते: बिल वॉल्टन, सॅम बोवी, ओडेन. शाप वगैरे काही नाही. सात फुटी माणसे ज्या ज्या संघात आहेत तिथे हाच हिशेब लागू आहे. याओ ह्यूस्टनचा, एम्बीड फिलाडेल्फियाचा. तोल आणि ताकद वाढते असे सांगून विकल्या गेलेल्या मनगटाच्या पट्ट्यांचेही तेच. २०११ मध्ये सॅक्रामेंटोच्या स्टेडियमला होलोग्रामचे पट्टे विकणाऱ्या पॉवर बॅलन्स कंपनीचे नाव होते आणि त्याच वर्षी ती कंपनी दिवाळखोरीत गेली. त्या पट्ट्यांनी कोणाच्याही हाडात रक्त पोहोचत नाही.

मग परतलेल्या तरुणाला जोखायचे कसे? पहिल्या दहा सामन्यांची आकडेवारी बाजूला ठेवा. ज्याचा खरा नेम ५० टक्के आहे, त्याचे १०० फटके पाहिले तर निव्वळ योगायोगाने ४२ किंवा ५८ टक्केही दिसू शकतात. एम्बीड परतला त्या हंगामात ३१ सामनेच खेळला, सरासरी २०.२ गुण मिळवले आणि मग डाव्या गुडघ्याने त्याला थांबवले. तेव्हा कोणताही निकाल घाईचा ठरला असता; २०२२-२३ मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

उडी स्नायू मारतात, आणि दम आणि ताकद हाडाच्या आधी परत येतात. म्हणून डंक पाहून पावलाबद्दल काहीच कळत नाही. मी त्याचे उतरणे पाहतो. रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फटक्याचा चेंडू, उडी मारून घेऊन खाली येताना दोन्ही पाय एकदम टेकतात की दुखावलेला पाय क्षणभर मागे राहतो? गुडघे पुरेसे वाकतात का? धावता धावता थांबताना तो त्या पायावर भार टाकतो की दोन छोटी पावले जास्त घेतो? लागोपाठ दोन रात्री सामने असले, तर दुसऱ्या रात्री हे सगळे तसेच राहते का?

आणि एक प्रश्न शस्त्रक्रियेबद्दल: भार कमी झाला, की फक्त भेग जोडली? सेंटर झिड्रुनास इल्गाउस्कस क्लीव्हलँडकडून १९९८-९९ मध्ये ५ सामने खेळला, पुढच्या हंगामात एकही नाही, त्यानंतर २४. पाऊल पुन्हा पुन्हा मोडत होते. अखेर डॉक्टरांनी पावलातल्या हाडांची मांडणीच बदलली, म्हणजे भार वेगळ्या वाटेने जाऊ लागला. २००२-०३ मध्ये तो ८१ सामने खेळला आणि ऑल-स्टार संघात, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या संघात, निवडला गेला.