जागलीच्या रात्री छातीवर कोण बसतं?

विदर्भात भूत पाहिलेली माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री वावरात जाणारे, डुकरं पिकात शिरू नयेत म्हणून मचाणावर जागल करणारे, शेवटची एसटी चुकल्यावर पांदणीने पायी गावाकडे निघणारे, यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाकडे एखादा अनुभव असतोच. कृषिपंपाची थ्री फेज वीज कित्येक ठिकाणी रात्रीच मिळते. त्यामुळे ओलीत म्हटलं की रात्र, आणि रात्र म्हटलं की दिवसभर राबलेलं शरीर घेऊन अंधारात एकट्याने काढायचे पाच-सहा तास.

या अनुभवांत एक गोष्ट गावोगाव जवळपास त्याच शब्दांत ऐकू येते. "डोळे उघडे व्हते भाऊ, सारं दिसत व्हतं. छातीवर कोनतरी येऊन बसलं. हातपाय हालेना. बोंबलाले गेलो त आवाजच निंगेना." हे सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्या शरीरात त्या वेळी काय चाललं होतं, हे आता बरंच नीट माहीत झालं आहे.

झोपेत साधारण दीड तासाच्या अंतराने एक टप्पा येतो. त्यात बुबुळं पापण्यांखाली भराभर फिरतात आणि सगळ्यात ठसठशीत स्वप्नं याच वेळी पडतात. स्वप्नात आपण पळतो, मारामारी करतो. ते सगळं बाजेवर प्रत्यक्ष करू नये म्हणून मेंदूचा तळचा भाग मज्जारज्जूतल्या चेतापेशींना गप्प करतो आणि हातापायांचे स्नायू ढिले पडतात. डोळे हलवणारे स्नायू आणि श्वासाचा पडदा तेवढे चालू राहतात. कधीकधी माणूस या टप्प्यातून अर्धवटच बाहेर येतो. जाग आलेली असते, खोपडीचं छप्पर दिसत असतं, पण स्नायू अजून सुटलेले नसतात आणि स्वप्नही संपलेलं नसतं. खोल श्वास घ्यायला जावं तर बरगड्यांचे स्नायू साथ देत नाहीत, म्हणून छातीवर ओझं बसल्यासारखं वाटतं. मेंदूतलं भीतीचं केंद्र स्वप्नाच्या टप्प्यात तसंही जोरात चालू असतं. मग अंधारातली काळी आकृती, पावलांचा आवाज, कानाशी कुजबुज, हे सारं त्या उरलेल्या स्वप्नातून येतं. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत हे सुटतं.

याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. शंभरातल्या साधारण आठ जणांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो, असं अनेक देशांतल्या अभ्यासांची बेरीज सांगते. अपुरी झोप, झोपेच्या बदलत्या वेळा आणि उताणं झोपणं यांमुळे त्याची शक्यता वाढते. जागलीवरचा माणूस नेमका असाच झोपतो: मध्यरात्री उठून हाकारे घालायचे, तासाभराने पुन्हा आडवं व्हायचं, पहाटे मोटार बंद करायला परत उठायचं. बाभळीखाली किंवा ओसाड विहिरीजवळ झोपल्यावरच 'बसतं' असं लोक सांगतात. वावरात झोपायची जागा मुळात तेवढीच असते. पुन्हा असं झालं तर सगळं अंग हलवायची धडपड करण्याऐवजी पायाचं एकच बोट हलवायचा प्रयत्न करावा, आणि झोपताना कुशीवर झोपावं. यातून बऱ्याच जणांना फायदा होतो.

जवळ कुणीतरी उभं आहे ही जाणीव तर ठरवूनही निर्माण करता येते. 2006 साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी अपस्माराच्या एका तरुण रुग्ण स्त्रीवर शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी करताना तिच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या-मागच्या भागात, हलका विद्युतप्रवाह सोडला. तिला आपल्या मागे एक सावलीसारखी व्यक्ती जाणवली. ती बसली की सावली बसायची, ती आडवी झाली की सावलीही आडवी. आपलं शरीर कुठे आहे याचा हिशेब मेंदूचा हा भाग ठेवतो. तो हिशेब चुकला की स्वतःच्याच शरीराची जाणीव दुसऱ्या कुणाची म्हणून उमटते.

पण सगळेच काही झोपेत बघत नाहीत. धुऱ्यावर पांढरी बाई उभी दिसली, असं टक्क जागा असलेला माणूसही सांगतो. आपल्या डोळ्यात रंग आणि बारकावे टिपणाऱ्या पेशी साठेक लाख आणि अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी बारा कोटींच्या आसपास असतात. या दुसऱ्या पेशी नजरेच्या अगदी मध्यभागी नसतातच. म्हणून अंधारातली फिकट वस्तू डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसते आणि तिच्याकडे सरळ बघितलं की नाहीशी होते. "पाह्यलं अन् गायब झालं" हे वाक्य डोळ्याच्या रचनेचं अचूक वर्णन आहे. त्यात टॉर्च लावून बंद केला की अंधाराला सरावलेली नजर गेलीच. ती पूर्ण परत यायला अर्धा तास लागतो.

त्या अर्ध्या तासात आपल्या शिवारात पांढरं दिसण्यासारखं पुष्कळ असतं. रोही आणि डुकरं बुजावीत म्हणून वावराभोवती जुन्या साड्या बांधलेल्या असतात. गव्हाणी घुबड छातीकडून पांढरंशुभ्र असतं. त्याच्या पंखांचा आवाज येत नाही, पण किंचाळी मात्र अंगावर काटा आणणारी असते. मेळघाट, पेंच, ताडोबाकडच्या जंगलात कांडोळ नावाचं झाड आहे, काही भागांत त्याला कढई म्हणतात. हिवाळ्यापासून त्याची पानं झडलेली असतात, साल कागदासारखी सुटून येते आणि आतलं गुळगुळीत खोड चांदण्यात दुरूनही चमकतं, वर दोन फांद्या हातांसारख्या पसरलेल्या. जंगलातले गाईड पर्यटकांना ते भुताचं झाड म्हणूनच दाखवतात. जवळ जाऊन त्या खोडावर हात ठेवावा, थंडगार आणि मऊ लागतं. दिवसा एकदा त्याच्याशी ओळख करून घेतली की रात्री ते ओळखू येतं.

अंधुक आकारात माणूस दिसणं हा मेंदूचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. चंद्रपूरच्या वाघांच्या मुलखात झुडपाला वाघ समजून थांबणारा फार तर घाबरेल. वाघाला झुडूप समजणारा जिवानिशी जाईल. आपण सगळे पहिल्या प्रकारच्या माणसांचे वंशज आहोत.

आता मुख्य प्रश्न, भूत आहे का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्यासाठी मला याच जंगलांचा आधार घ्यावासा वाटतो. 2018 च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते. उष्णता आणि हालचाल जाणवली की ते आपोआप फोटो काढतात, रात्रंदिवस, निर्मनुष्य जागी. त्यात जवळपास 3 कोटी 48 लाख फोटो मिळाले. वाघांचे 76,651, बिबट्यांचे 51,777, बाकी इतर प्राणी, गुरं, माणसं आणि झाडपाला. हडळ, मुंजा, खवीस यांच्यापैकी एकाचीही नोंद नाही. ते कॅमेऱ्यात येत नाहीत, असं कुणी म्हणेल. पण दिसणं म्हणजे वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरणं. तो प्रकाश तुमच्या डोळ्यापर्यंत पोचत असेल तर शेजारच्या भिंगातूनही गेलाच पाहिजे. जे फक्त एकाच माणसाला दिसतं आणि कोणत्याही भिंगात येत नाही, ते त्या माणसाच्या मेंदूत घडत असतं.

चकव्याचं कोडं तर फार सुरेख सुटलं आहे. रानात वाट चुकून माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे त्याच मोहाखाली परत येतो, ही गोष्ट गोंदिया-भंडाऱ्यापासून बुलढाण्यापर्यंत सगळीकडे सांगतात. 2009 साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना तिथल्या सपाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात तासन् तास सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ते सरळ गेले. आभाळ झाकोळलं किंवा चंद्र मावळला की वळायला लागले, आणि आपण सरळच चाललोय अशी खात्री बाळगून आपलीच वाट ओलांडू लागले. डोळे बांधल्यावर तर काहींनी अवघ्या 20 मीटर व्यासाची वर्तुळं घातली. दिशेच्या अंदाजातल्या बारीक चुका साचत जातात आणि बाहेरची खूण नसेल तर त्या दुरुस्त होत नाहीत. चकवा लागला की जागेवर बसा, उजाडू द्या, असं जुनी माणसं सांगतात. याहून चांगला सल्ला त्या संशोधकांनाही देता आला नसता.

विज्ञानाच्या नावाने खपणाऱ्या काही गोष्टींबद्दलही बोललं पाहिजे. रात्री पिंपळाखाली झोपलं की झाडाच्या कार्बन डायऑक्साइडने माणूस गुदमरतो, हे शाळेतसुद्धा सांगितलं जातं. झाड रात्री सोडतं तो वायू इतका थोडा असतो की उघड्यावर त्याने काहीच होत नाही. पिंपळाच्या पानाचा देठ लांब असतो, म्हणून बाकी झाडं स्तब्ध असतानाही तो सळसळतो. मुंजाचा मुक्काम तिथे का मानला जातो, ते यावरून जास्त कळतं. तसंच ऐकू न येणाऱ्या खोल आवाजाचं. 1998 मध्ये विक टँडी या ब्रिटिश अभियंत्याने आपल्या प्रयोगशाळेतल्या 'भुता'चा संबंध पंख्यापासून येणाऱ्या, सेकंदाला 19 च्या आसपास असलेल्या कंपनांशी जोडला. गोष्ट सुंदर आहे. पण 2009 मध्ये लंडनच्या मानसशास्त्रज्ञांनी एका खोलीत तसेच आवाज आणि चुंबकीय क्षेत्रं सोडून 79 जणांना बसवलं, तेव्हा विचित्र अनुभव बऱ्याच जणांना आले, मात्र त्यांचा ना आवाजाशी संबंध लागला ना चुंबकाशी. 'इथे काहीतरी जाणवेल' हे आधी सांगून ठेवणंच पुरलेलं दिसतं. गावातल्या 'त्या' विहिरीबद्दल आपल्याला लहानपणापासून हेच सांगितलेलं असतं.

गेलेलं माणूस दिसणं मात्र मी या सगळ्यापासून वेगळं ठेवतो. 1971 साली वेल्समधले डॉक्टर डेवी रीस यांनी 293 विधवा-विधुरांशी बोलून पाहिलं. जवळपास निम्म्यांना जोडीदार जवळ असल्याचं जाणवलं होतं, काहींना दिसला, काहींनी आवाज ऐकला. बहुतेकांनी ते कधीच कुणाला सांगितलं नव्हतं आणि पुष्कळांना त्यातून धीरच मिळाला होता. ज्या जिल्ह्यांत इतक्या घरांतला कर्ता माणूस अवेळी गेला, तिथे संध्याकाळी अंगणात त्याची गाडी थांबल्याचा आवाज ऐकणारी बाई वेडी नसते आणि झपाटलेलीही नसते. वर्षानुवर्षं ज्या वेळी तो यायचा, त्या वेळी तिचा मेंदू अजून त्याची वाट बघतो. तिच्याशी बसून बोललं पाहिजे. तिच्या अंगाऱ्या-उताऱ्याला पैसे काढणाऱ्यांची मला चीड येते.

सगळ्यात जास्त जीव ज्यात जातात, तो भाग यापुढचा आहे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला मध्यरात्री मण्यार चावतो. त्याचे दात बारीक असतात; सूज नाही, रक्त नाही, कित्येकदा खूणही दिसत नाही, झोपलेल्याला जागही येत नाही. पहाटे पोट दुखतं, उलटी होते, पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते. घरच्यांना दिसतं ते इतकंच, की रात्री धडधाकट झोपलेला माणूस उठला तो बोलेना, डोळे उघडेना. बाहेरचं लागलं म्हणून भगताकडे नेतात. विष तोवर चेतातंतूंची टोकं निकामी करत जातं, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. शुद्ध बराच काळ असते. भोवतीचं बोलणं त्याला ऐकू येत असतं. निद्रा-पक्षाघात काही मिनिटांत सुटतो, हा वाढत जातो. म्हणून झोपेतून उठून पापण्या जड झालेल्या माणसाला साप दिसला नसला तरी सर्पदंशच समजून 108 ला फोन करावा. प्रतिविष लवकर मिळालं, आणि लागला तर व्हेंटिलेटर, तर यातून माणसं बरी होऊन घरी येतात. बाजेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपलं तर मण्यार बहुधा अंथरुणात येतच नाही.

धोतऱ्याचं बी पोटात गेलं तर बाहुल्या मोठ्या होतात, तोंड सुकतं, अंग तापून लाल होतं आणि माणूस हवेतल्या वस्तू वेचत, समोर नसलेल्यांशी बोलत बसतो. गडचिरोलीकडे तापात बरळणाऱ्याला मेंदूचा मलेरिया असू शकतो. आशाताईंकडच्या किटवर बोटातल्या थेंबभर रक्ताने काही मिनिटांत तपासणी होते. हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर कार्बन मोनॉक्साइडने डोकं दुखतं, भास होतात, आणि पुढे जाग येतच नाही. प्रत्येकाचा उपचार निराळा, वेळ प्रत्येकातच थोडा.

आणि भूत ठरलं की ते घालणारा कोण, हा शोध सुरू होतो. ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना भर चौकात खांबाला बांधून मारलं. मे 2024 मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यात त्याच संशयावरून दोघांना जिवंत जाळलं. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्यासाठी बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे गुन्हे आहेत. साप किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र घालणं हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. ही कलमं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायला हवीत.

मेळघाटात आरोग्य खात्याने भुमकांनाच, म्हणजे तिथल्या पारंपरिक वैदू-मांत्रिकांनाच, हाताशी धरून रुग्ण दवाखान्यात पाठवण्याचे प्रयत्न केले आहेत. मला हा मार्ग पटतो. रात्री दोन वाजता घाबरलेलं घर पहिल्यांदा भुमक्याचंच दार ठोठावतं. मिटत चाललेल्या पापण्या त्याला ओळखता आल्या आणि त्याने धुनी पेटवायच्या आधी गाडी मागवली, तर तो जीव वाचेल. असं प्रशिक्षण प्रत्येक तालुक्यात पावसाळ्याआधी, मिरगाच्या तोंडाशी, दरवर्षी झालं पाहिजे.