खान्देशातली ग्रंथालयं आणि डिजिटल रचना : पार्श्वभूमी

खान्देशातल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या संगणकीकरणाचा विषय निघाला की चर्चा लगेच सॉफ्टवेअरच्या नावावर येते. खरी मेख त्याच्या बरीच आधीची आहे. पुस्तकाची नोंद ज्या वाचनालयात झाली तिथेच अडकून राहिली, आणि याची सुरुवात संगणक येण्याआधी झाली.

१९४८च्या मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने ग्रंथालय उपकर बसवला आणि ग्रंथालयं स्थानिक प्राधिकरणांकडे दिली. महाराष्ट्राच्या १९६७च्या कायद्याने उपकर टाळला. इथली बहुतेक वाचनालयं संस्थांनी काढलेली. शासनाने त्यांना मान्यता द्यायची आणि अ, ब, क, ड दर्जानुसार अनुदान. या व्यवस्थेमुळे लहान लहान गावांत वाचनालयं टिकली, हे तिचं मोठं श्रेय. पण नोंदी ठेवल्या गेल्या त्या तपासणीसाठी. दाखल नोंदवही उघडा : दाखल क्रमांक, तारीख, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, पृष्ठं, किंमत आणि शेवटी शेरा. त्या शेऱ्यात ‘गहाळ’ किंवा ‘बाद’ लिहिलं की पुस्तकाचा हिशेब मिटला. चोपड्याच्या वाचकाला अमळनेरचं पुस्तक शोधता यावं, याची सोय त्या वहीत नव्हती.

बाहेर मात्र नोंद प्रवासाला निघाली होती. १९६०च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांनी मार्क हा यंत्राला वाचता येणारा नोंदीचा साचा घडवला. त्यामुळे एका ग्रंथालयाची नोंद दुसऱ्याला जशीच्या तशी घेता येऊ लागली. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या ग्रंथालय न्यासाची जुनी संगणक प्रणाली २००० सालच्या तारखा पेलणार नव्हती. त्यांनी देशातल्याच एका कंपनीकडून ‘कोहा’ हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर लिहून घेतलं आणि ते सर्वांसाठी खुलं केलं. हे काम एका ग्रामीण न्यासाने केलं, हे आपल्याकडे आवर्जून सांगायला हवं.

मराठी नोंदींची वाट फाँटने अडवली. देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या सामायिक अक्षरसंकेतात, १९९१पासून आहे, तरी पुढे बरीच वर्षं मराठी टंकन कंपन्यांच्या स्वतंत्र फाँटमध्येच होत राहिलं. अशी फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की ग्रंथनामाच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. शोध लागत नाही, अकारविल्हे लावता येत नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ‘ई-ग्रंथालय’ हे सॉफ्टवेअर युनिकोड चालवतं आणि आता वेबवरही चालतं, पण जुन्या फाँटमधल्या नोंदी आधी रूपांतरित कराव्याच लागतात.

अहिराणीचा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. भाषांच्या संकेतांच्या आयएसओ ६३९-३ या आंतरराष्ट्रीय यादीत तिला ‘एएचआर’ असा स्वतंत्र संकेत आहे. तरीही भाषेच्या रकान्यात सवयीने ‘मराठी’ भरलं की अहिराणीचं पुस्तक कपाटात असूनही शोधात सापडत नाही.

पुढची रचना आखताना हे सगळं लक्षात घ्यावं लागेल. ग्रंथालयाच्या ओळख क्रमांकात जिल्हा गुंफू नये. १९९८मध्ये नंदुरबार धुळ्यातून वेगळा झाला, तसं पुन्हा होऊ शकतं. कोणत्याही पुरवठादाराशी करार करताना सगळ्या नोंदी मार्क साच्यात, युनिकोडमध्ये परत मिळण्याची अट लेखी हवी. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांची संयुक्त तालिका, म्हणजे सगळ्या ग्रंथालयांच्या पुस्तकांची एकत्र यादी, एका ठिकाणी असावी. आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात नेट गेलं तरी देवघेव थांबू नये : नोंद आधी तिथल्या संगणकावर व्हावी, जोडणी आली की वर जावी.