बल्बच नसलेल्या डिस्प्लेत बल्ब शोधू नका

जुन्या कॉर्व्हेटचा (शेव्हरोलेची अमेरिकन स्पोर्ट्स कार) डिजिटल मीटर अंधुक झाला की ठरलेले दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, ‘‘बल्ब बदल.’’ दुसरा म्हणतो, ‘‘कपॅसिटर बदल,’’ म्हणजे वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारा छोटा भाग. दोन्ही सल्ले खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या डिस्प्लेसाठी. गंमत म्हणजे 1984 ते 1989 च्या कॉर्व्हेटमध्ये हे दोन्ही डिस्प्ले एकाच डॅशबोर्डवर, हातभर अंतरावर बसलेले असतात. स्टिअरिंगमागचा रंगीत पट्ट्यांचा मीटर एलसीडी, आणि मधल्या रेडिओवरचे हिरवट-निळे आकडे व्हीएफडी, म्हणजे व्हॅक्यूम फ्लुरोसंट डिस्प्ले. लोक दोघांनाही ‘डिजिटल’ म्हणून मोकळे होतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला पाजतात. (1990 पासून मीटरमध्ये काटे परत आले, वेगाचा आकडा तेवढा डिजिटल राहिला. त्या गाड्या इथे धरलेल्या नाहीत.)

किरकोळ गोष्टी आधी उरकतो. मीटर अख्खाच मेला असेल तर फ्यूज, अर्थिंग आणि मागचा कनेक्टर बघा. तिथे कुठला डिस्प्ले आहे याने काही फरक पडत नाही. आकडे स्वच्छ दिसतायत पण वेग चुकीचा दाखवतायत, तर डिस्प्लेला हातही लावू नका, सेन्सर आणि त्याच्या वायरी तपासा. खड्ड्यात गेल्यावर डिस्प्ले लुकलुकत असेल तर कुठेतरी सोल्डर तडकलंय किंवा कनेक्टर सैल झालाय.

आता खरा घोळ. ‘अंधुक’ हा शब्द या दोन डिस्प्लेंच्या बाबतीत एका अर्थाचा नाहीच.

एलसीडी स्वतः प्रकाश देत नाही. मागे बल्ब असतो आणि पुढची काच त्याचा उजेड कुठे अडवायचा, कुठे सोडायचा एवढंच ठरवते, खिडकीच्या झडपांसारखं. म्हणजे आकडे बरोबर बदलतायत पण मीटरचा एक भाग काळोखात गेलाय, तर झडपा ठीक आहेत, मागचा दिवा गेलाय. मीटर खोलून, जोडण्या तशाच ठेवून, बल्बच्या जागेतून टॉर्च मारा. आकडे उमटले की काचेवरचा संशय संपला. मग बल्बइतकंच लक्ष होल्डरकडे द्या. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो काळवंडलेला असतो, आणि नवा बल्ब लावूनही महिन्याभरात तेच रडगाणं सुरू होतं ते त्याच्यामुळेच.

व्हीएफडीत असा मागचा दिवा नसतोच. ती एक चपटी, हवा काढून टाकलेली काचेची नळी असते. जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हची चुलत बहीण म्हणा. आत केसासारख्या बारीक तारा तापतात, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि ज्या रेघेवर आदळतात ती रेघ स्वतः उजळते. माझ्या मित्राचे अप्पा सांगलीत रेडिओ-टेप दुरुस्त करायचे. न्यू जर्सीत मुलाकडे आले असताना त्यांनी माझा उघडलेला डॅशबोर्ड पाहिला आणि एवढंच विचारलं, ‘‘याला मागून उजेड आहे का स्वतःचा आहे?’’ मी तोवर रेडिओच्या डिस्प्लेसाठी बल्बचा पार्ट नंबर शोधत बसलो होतो.

ओळखायची सोपी युक्ती आहे. पोलराइज्ड गॉगल घ्या, डिस्प्लेसमोर धरा आणि हळूहळू फिरवा. एलसीडी एका कोनात काळीठिक्कर पडते, कारण तिच्यातून येणारा प्रकाश एकाच दिशेत कंप पावणारा असतो. व्हीएफडीला बहुतेक वेळा काही फरक पडत नाही. शिवाय अंधारात तिरकं बघितलं तर व्हीएफडीच्या आडव्या तारा दिसतात. आकडे उमटत नाहीत पण तारा मंद लालसर दिसतायत, तर फिलामेंट शाबूत आहे, आकडे उजळवणाऱ्या वेगळ्या वीजपुरवठ्यात गडबड आहे. काही व्हीएफडी गाडीच्या 12 व्होल्टवर भागवतात, काहींना जास्त व्होल्टेज लागतं आणि ते वाढवायला छोटा कन्व्हर्टर असतो. कपॅसिटरवाला सल्ला इथे लागू पडतो. काचेच्या आत कोपऱ्यात आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो दुधाळ पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, नळी संपली.

एलसीडीवर मधोमध तपकिरी-काळा डाग पडलेला दिसला की लोक ‘काच जळाली’ म्हणतात. या वाक्याची मला ॲलर्जी आहे. बल्बच्या उष्णतेने काचेला चिकटवलेली पोलरायझर फिल्म, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणारा पातळ पापुद्रा, करपते. काच बहुधा धडधाकट असते. मी माझ्या 86 च्या गाडीची पुढची फिल्म खरवडून काढली, गोंद पुसला आणि चावी फिरवली. समोर नुसता कोरा उजेड. पोटात गोळा आला. मग तोच गॉगल डोळ्यांवर चढवला तर शून्य जागच्या जागी, इंधनाचा पट्टाही जिवंत! उघड्या डोळ्यांना दिसत नव्हता इतकंच. पुढे उत्साहाच्या भरात नवी फिल्म 90 अंश फिरवून चिकटवली, आणि उजळ पाटीवर काळे आकडे असा अख्खा मीटर उलटा झाला. पुन्हा सोल, पुन्हा पूस. फिल्म चिकटवण्याआधी चालू मीटरवर नुसती धरून फिरवून बघा.

आणखी एक खोड म्हणजे, काच तपासायला 9 व्होल्टची बॅटरी लावणं. एलसीडीला उलटसुलट होणारा प्रवाह लागतो. बॅटरीचा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह (डीसी) दिला तर आतलं द्रव खराब होतं. धडधाकट काच ‘तपासून’ मारलेले महाभाग मी पाहिलेत.

एलईडी बल्बांबद्दल. उष्णता कमी, हे मान्य, आणि फिल्मच्या दृष्टीने तो मोठाच फायदा. पण निळसर पांढरा एलईडी लावला की मीटरचा लाल पट्टा मरगळतो आणि डिमर फिरवला तर उजेड हळूहळू उतरायच्या ऐवजी एकदम कोसळतो. मी साधेच बल्ब लावतो आणि होल्डर नवे घालतो. लावायचाच असेल तर उबदार पिवळसर एलईडी लावा, माझा मीटर सोडून.

राहता राहिला रेडिओ. माझ्या घड्याळाच्या काही रेघा उजळ आणि काही फिक्या आहेत. ज्या सगळ्यात जास्त वेळ पेटल्या त्यांच्यावरचं फॉस्फर, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळल्यावर उजळणारा लेप, झिजलंय. एलसीडीत असं होत नाही, आणि यावर कपॅसिटरचा काडीचा उपयोग नाही. चांगली नळी असलेला जुना रेडिओ मिळाला तर बदलेन. तोवर 8 चा आकडा कधीकधी 6 वाटतो, आणि मी मनगटावरच्या घड्याळात बघतो.