अकालमृत्यू, ग्रामीण (बेळगाव सीमाभाग)

अकालमृत्यू म्हणजे सरासरी आयुर्मानाच्या बरेच अलीकडे ओढवणारा मृत्यू. असंसर्गजन्य रोगांपुरती जागतिक आरोग्य संघटना ३० ते ७० ही वयोमर्यादा धरते. भारतातील अभ्यासांत बहुधा ३० ते ६९ धरली जाते. येथे मुख्यतः खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी व अथणी तालुक्यांतील मराठी शेतकरी-मजूर कुटुंबांचा विचार केला आहे. बालमृत्यू घटल्याने कर्त्या वयातील मृत्यूंचा वाटा आता डोळ्यांत भरतो. देशातील एकूण मृत्यूंपैकी असंसर्गजन्य रोगांचे मृत्यू १९९० मध्ये ३७.९ टक्के होते, ते २०१६ मध्ये ६१.८ टक्के झाले.

मोजणीचा प्रश्न : सीमाभागाचा स्वतंत्र आकडा काढणे सीमेमुळेच अवघड होते. जन्ममृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार मृत्यू जिथे घडला तिथे नोंदला जातो. निपाणीकडचा अत्यवस्थ रुग्ण कोल्हापूर किंवा गडहिंग्लजला नेतात, अथणीकडचा मिरज-सांगलीला. तिथे तो दगावला तर नोंद महाराष्ट्रात होते. वाटेत गाडीतच प्राण गेला तर गाडी जिथे प्रथम थांबेल ते नोंदणीचे ठिकाण. अर्जात राहण्याचा पत्ता असतो, पण गावच्या नोंदवहीत ते नाव येतेच असे नाही. त्यामुळे मोठ्या रुग्णालयांपर्यंत पोचलेले, म्हणजे बहुधा हृदयविकार, कर्करोग व विषबाधेचे मृत्यूच गावच्या हिशेबातून गळतात. घरी झालेल्या मृत्यूपुढे ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढेच लिहिलेले आढळते. ते कारण नव्हे. ती प्रत्येक मृत्यूची अखेरची अवस्था आहे. यावर उपाय म्हणून प्रशिक्षित कार्यकर्ता घरच्यांना विचारतो : छातीत कळ किती वेळ होती, घाम फुटला का, मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) किती वर्षांची, शेवटची फवारणी कधी केली. उत्तरांवरून दोन डॉक्टर स्वतंत्रपणे कारण ठरवतात. ही मुलाखत घरच्या भाषेत, म्हणजे इथे मराठीतच, व्हायला हवी.

कारणांविषयीची मते : अमेरिकेतील मध्यमवयीन गोऱ्यांच्या वाढत्या मृत्यूंवर अर्थशास्त्रज्ञ केस व डीटन यांनी २०१५ मध्ये लक्ष वेधले. पुढे हताशेतून येणारे मृत्यू अशी मांडणी झाली आणि ती इथल्या शेतकरी आत्महत्यांनाही लावली जाते. तिला आधार आहे : नोव्हेंबर २०१३ मध्ये ऊसदराच्या आंदोलनात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधाजवळ (कर्नाटक विधिमंडळाच्या तिथल्या इमारतीजवळ) एका ऊस उत्पादकाने जीवन संपवले. तरीही हताशा आणि मृत्यू यांच्या मधे जहाल कीटकनाशकाची सहज उपलब्धता आणि उशिरा मिळणारे उपचार असतात, हे दुसरे मत अधिक पटण्यासारखे आहे. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यावर आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. कर्ज तेवढ्यात फिटले नव्हते, पण माणसे वाचली.

तंबाखू : निपाणीच्या वखारींत तंबाखू चाळणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायका धूळ नाकातोंडात घेत आयुष्य काढतात. त्यात दात घासायला मिश्री, म्हणजे तोंडाच्या कर्करोगाला आणखी एक वाट. निपाणीचे १९८१ चे तंबाखू आंदोलन दरासाठी आणि ६ एप्रिलच्या गोळीबारासाठी स्मरणात आहे. या बायकांच्या फुप्फुसांचीही तितक्याच आस्थेने नोंद व्हायला हवी.

सर्पदंश : खानापूरच्या जंगलपट्ट्यात, विशेषतः भीमगड अभयारण्यालगत, हे महत्त्वाचे कारण. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. वेदना जवळजवळ नसते. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, आणि घरचे अपचन समजून ओवा देतात. पावसाळ्यात ओढे भरले की रुग्णाला खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते. कर्नाटकाने २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची केली.

प्रसूती : २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेळगाव जिल्ह्यातील चाचणीत परिचारिकांनी दिलेल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांमुळे बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ वरून ६.४ टक्क्यांवर आले. स्वस्त औषध योग्य वेळी दारात पोचले की काय होते, याचा हा इथलाच पुरावा.

मद्य : कर्नाटकात २००७ पासून अर्काला, म्हणजे स्वस्त देशी दारूला, बंदी आहे.

उपचारखर्च : आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना २०१८ पासून आहे. महाराष्ट्राने २०२४ च्या सुमारास महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आपला हक्क सांगितलेल्या, कर्नाटकातील ८६५ सीमावर्ती गावांना लागू केली. तिला कर्नाटकाने हरकत घेतली.