जमीन कोरडी, कूलंट कमी: म्हणजे हेड गॅस्केट गेलंच?

‘खाली थेंब नाही, तरी कूलंट उतरतंय, म्हणजे हेड गॅस्केटच गेलं.’ कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव आणि हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक व त्यावरचं हेड यांच्यामधलं सील. जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांना हे हमखास ऐकवलं जातं आणि विनाकारण हेड उघडलं जातं, याचं फार वाईट वाटतं.

बारीक गळती गरम इंजिनावर पडली की तिथेच वाफ होऊन जाते. मागे उरतो पांढरट किंवा हिरवट, कुरकुरीत थर. तो शोधा. होजच्या क्लिपपाशी, रेडिएटरच्या कडांना आणि मुख्य म्हणजे वॉटर पंपाच्या बारीक भोकाशी. सील झिजलं की पाणी तिथूनच पाझरतं. टोयोटा एमआर२मध्ये इंजिन मागच्या बाजूला आणि रेडिएटर पुढे, म्हणून गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या नळ्याही बघाच. काचेवर आतून चिकट धुकं आणि गोडसर वास? मग हीटर कोअर, म्हणजे केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर, गळतोय.

इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या झाकणाच्या जागी प्रेशर टेस्टर (दाब दाखवणारा हातपंप) लावा आणि त्या झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत, बहुधा १ बारच्या आसपास, पंप करा. काटा उतरतोय, पण बाहेर किंवा केबिनमध्ये कुठेच ओल नाही, तरच गॅस्केटवर संशय घ्या. तेव्हाही आधी निळ्या द्रवाची चाचणी करा, म्हणजे कूलंटवरची हवा त्या द्रवातून ओढून बघा: पेट्रोल इंजिनात तो पिवळा पडला, तर जळालेला वायू कूलंटमध्ये शिरतोय.