नाशिकचं मैदान, 1.20चा आकडा आणि येता हंगाम

आमच्या संगणकावरच्या बेसबॉल लीगमध्ये येत्या हंगामात नाशिकच्या संघाचं काय होणार, ही चर्चा कुठूनही सुरू झाली तरी शेवटी एका चौकटीपाशी येऊन थांबते. गेममध्ये मैदानाची माहिती भरायचं जे पान आहे, त्यावर ‘होम रन’समोर, म्हणजे कुंपणापलीकडे जाणाऱ्या फटक्यासमोर, एक छोटी चौकट असते; 1.00 म्हणजे सर्वसाधारण मैदान. पाच हंगाम तिथे 1.20 होतं. या ऑफ-सीझनमध्ये ते 1.05 झालं. पाचवा पिचर (चेंडू फेकणारा) कोण, दुसऱ्या बेसवर कोण, हे प्रश्न नंतरचे. आधी हा आकडा आला कुठून आणि गेला कसा, ते पाहू.

लांबचा इतिहास लांबच राहू द्या. 1951 मध्ये अमेरिकेत अ‍ॅपबा नावाचा बेसबॉलचा कार्डांचा खेळ विकायला आला, 1961 मध्ये स्ट्रॅट-ओ-मॅटिक. दुसऱ्याची रीत सोपी होती: तीन फासे टाकायचे, एकावर 1 ते 3 पडलं तर बॅटरचं कार्ड बघायचं, 4 ते 6 पडलं तर पिचरचं, आणि उरलेल्या दोन फाशांची बेरीज त्या रकान्यात शोधायची. सापशिडी खेळलेल्या कुणालाही हे पाच मिनिटांत कळतं. 1999 मध्ये जर्मनीतल्या एका प्रोग्रामरने आउट ऑफ द पार्क या संगणकावरच्या बेसबॉल गेमची पहिली आवृत्ती काढली. आपली लीग त्याच गेमवर चालते, खेळाडू सगळे काल्पनिक, आणि मालक निम्मे महाराष्ट्रात, निम्मे न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात.

नाशिकला संघ मिळाला तेव्हा मैदान मात्र कुणाकडेच नव्हतं. गेममधलं एखादं तयार मैदान घेता आलं असतं. पण संघाच्या पहिल्या मालकाला ते ‘आपलं’ हवं होतं. तो रोज सकाळी गोल्फ क्लबवर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, चालायला जायचा. एका रविवारी तो आणि त्याचा धाकटा भाऊ पावलं मोजत मैदानात उतरले. ट्रॅकच्या एका वळणावर चप्पल ठेवून तिला होम प्लेट, म्हणजे बॅटर उभा राहतो ती जागा, ठरवलं आणि तिथून एकेका दिशेला चालत गेले. मध्ये क्रिकेटचं नेट लागलेलं, त्याला वळसा घालावा लागला, म्हणून उजवीकडची कुंपणरेषा थोडी जास्तच लांब भरली असावी. पावलांचे फूट केले आणि ते आकडे गेममध्ये टाकले. इथवर भांडण नव्हतं.

भांडण उंचीवरून झालं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर. त्या हंगामात लीग चालवणाऱ्याने ‘उंचीवरची मैदानं’ असा एक गट केला आणि नाशिकच्या होम रनच्या चौकटीत 1.20 टाकलं. मनात उदाहरण अमेरिकेतल्या डेन्व्हरचं होतं. डेन्व्हर 5,280 फुटांवर, म्हणजे 1,600 मीटरच्या वर. हवा विरळ, चेंडूला अडवणारं कमी. तिथल्या मैदानावर 1999 मध्ये 81 सामन्यांत 303 होम रन झाले. 2002 पासून त्यांनी चेंडू ह्युमिडॉरमध्ये ठेवायला सुरुवात केली, म्हणजे ठरावीक आर्द्रतेच्या बंद खोलीत, आणि आकडे खाली आले. 2023च्या एप्रिलमध्ये मेक्सिको सिटीत, 2,200 मीटरवर, अमेरिकेच्या मेजर लीगचे दोन सामने झाले; पहिलाच सामना 16-11 असा सुटला आणि दोन्ही संघांनी मिळून 11 होम रन मारले. उंचीचा फरक पडतो, हे कुणी नाकारत नाही.

प्रश्न किती पडतो, हा होता. डेन्व्हर येण्याआधी मेजर लीगमधलं सर्वांत उंच मैदान अटलांटाचं मानलं जायचं, जेमतेम हजार फूट, तरी त्याला ‘लाँचिंग पॅड’ म्हणायचे. नाशिक त्या दोघांच्या मध्ये पडतं, पण अटलांटाच्या जवळ. सरळ त्रैराशिक मांडलं, की डेन्व्हरच्या 1,600 मीटरला 20 टक्के तर 600 मीटरला किती, तर साडेसात टक्के येतात. म्हणजे 1.07च्या आसपास. हवा त्रैराशिकाच्या हुकमाने वागत नाही हे मान्य, पण डेन्व्हरचा आकडा उचलून जसाच्या तसा नाशिकला लावायला काहीच आधार नव्हता.

आणि मग पुणे. पुण्याची उंची साधारण 560 मीटर, कोल्हापूरचीही तेवढीच. दोघांच्या चौकटीत 1.00. चाळीस मीटर म्हणजे दहा-बारा मजल्यांची एक इमारत. तेवढ्यावरून एका संघाला 20 टक्के आणि दुसऱ्याला शून्य? पुण्याच्या मालकाने हे पहिल्याच हंगामात लिहून कळवलं होतं. उत्तर आलं, ‘पुढच्या आढाव्यात बघू.’ हा पुढचा आढावा पाच हंगामांनी आला. मधल्या काळात कुणीतरी ‘मग महाबळेश्वरला संघ काढा’ असं म्हटलं आणि ती चेष्टा वादापेक्षा जास्त दिवस टिकली.

इथे शब्दाचा घोळही निस्तरायला हवा. पार्क फॅक्टर, म्हणजे त्या चौकटीतला आकडा, 1.20 म्हणजे प्रत्येक फटका 20 टक्के लांब जातो, असं आपल्यातले अर्धे लोक अजून समजतात. तसं नाही. दुसऱ्या मैदानावर शंभर होम रन झाले असते तिथे इथे एकशेवीस होतील, एवढाच त्याचा अर्थ. ते दोन्ही संघांचे मिळून. शिवाय संघ 162 पैकी 81 सामनेच घरी खेळतो, म्हणून पूर्ण हंगामाच्या हिशोबात तो परिणाम निम्मा, म्हणजे 1.10. आणखी एक गोष्ट, जिच्याकडे लीगने पाचही वर्षं काणाडोळा केला: डेन्व्हरने उंचीमुळे कुंपण लांब नेलं. डावीकडे 347 फूट, मधोमध 415, उजवीकडे 350. त्यामुळे तिथे होम रनइतकेच दोन-तीन बेसचे फटके वाढले, कारण आउटफिल्डमध्ये, म्हणजे कुंपणाकडच्या भागात, जागाच जागा. नाशिकच्या बाबतीत होम रनची चौकट फुगवली. डबल आणि ट्रिपलच्या चौकटी 1.00वरच राहिल्या. म्हणजे आपल्याला ना डेन्व्हर मिळालं, ना नाशिक.

पावसाचा मुद्दाही निघाला होता. हंगाम एप्रिल ते सप्टेंबर. जूनपासून इथे पाऊस. ‘पावसाळ्यात हवा जड होते, चेंडू उडणार नाही,’ असं एका नागपूरकराने ठामपणे सांगितलं. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते. जड होतो तो चेंडू: ओलावा धरतो, मऊ पडतो, बॅटवरून जोरात उसळत नाही. डेन्व्हरच्या त्या खोलीमागे हेच कारण आहे. पण आपल्या गेममध्ये गंगापूर धरण भरलं काय आणि न भरलं काय, चेंडू तोच.

तर या 1.20वर संघ बांधला गेला. फटके उडू द्यायचे नाहीत म्हणून जमिनीवर चेंडू काढून देणारे पिचर घेतले, चारपैकी तीन सिंकरवाले, म्हणजे शेवटी खाली बुडणारा चेंडू टाकणारे. त्यांच्यामागे हात चालणारा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) आणि दुसऱ्या बेसवाला हवाच, म्हणून दोघांवर ड्राफ्टमधल्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपातल्या, वरच्या दोन निवडी खर्च झाल्या. आणि तिसऱ्या हंगामानंतर डावखुरा, ताकदीचा उजवा आउटफिल्डर सहा वर्षांच्या करारावर आला. हे लिहिणारा त्या करारात सामील होता, ते सांगून टाकतो. बोलीचा शेवटचा तास होता, मे महिना, वळवाचा पाऊस, सिडकोतली वीज गेलेली. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवून एक्स्पोर्ट, म्हणजे संघाच्या निर्णयांची फाइल, पाठवला. बॅटरी 9 टक्के. घाईत पाचच्या जागी सहा वर्षं गेली. तेव्हा कुणाला वाईट वाटलं नाही, कारण घरच्या मैदानावर तो महिन्यात काय करायचा ते आम्ही बघत होतो. बाहेरच्या मैदानांवर तो काय करायचा, हेही दिसतच होतं. आम्ही ते पान कमी उघडत होतो.

या ऑफ-सीझनमध्ये मतदान झालं. पठारावरचे सगळे संघ, म्हणजे नाशिक, पुणे आणि कोल्हापूर, 1.05वर, बाकीचे 1.00. नाशिक एकट्याने विरोधात. मुद्दा आकड्याचा कमी, वेळेचा जास्त होता. खेळाडूंचे बाजार मोकळे होण्याआधी हे जाहीर झालं असतं तर आउटफिल्डरला ट्रेड करता आलं असतं. जाहीर झालं बाजार बंद झाल्यावर. त्याच्या करारातली चार वर्षं आता आमच्या गळ्यात आहेत. लीगचं म्हणणं, नियम सर्वांना सारखा. तो सारखा आहेच, पण त्याच्यावर पैसे लावून बसलेला संघ एकच होता, आणि तो लीगनेच पाच वर्षं त्या आकड्यावर बसवला होता.

आता हिशोब. मैदान शांत झालं की धावा दोन्हीकडच्या कमी होतात, म्हणून नुसत्या आकड्याने जिंकणं-हरणं फारसं हलत नाही. केलेल्या धावांचा वर्ग भागिले दोन्ही वर्गांची बेरीज, हे जिंकण्याचं प्रमाण सांगणारं जुनं सूत्र लावा. समजा आपण 800 धावा करून 750 देत होतो: 162 सामन्यांत 86 विजय. तेच 750 करून 700 दिल्या तर 87. फरक एका सामन्याचा. हे सूत्र कॅन्ससमधल्या कारखान्यात रात्रपाळीची राखण करता करता आकडे मांडणाऱ्या एका माणसाने काढलं, आणि आपल्या लीगमध्ये आजवर ते फार खोटं पडलेलं नाही. पण सूत्र धरतं की नुकसान दोन्हीकडे सारखं वाटलं जाईल. आपलं तसं नाही. सिंकरवाल्यांचा फायदा उडणारे चेंडू टाळण्यात होता. उडणारे चेंडू आता तसेही कुंपणाअलीकडे पडणार, म्हणजे त्यांची किंमत उतरली. आउटफिल्डरचीही उतरली. शॉर्टस्टॉपची मात्र तशीच आहे, त्याचा हात मैदान बघून चालत नाही.

त्यामुळे हंगामाची सुरुवात पाचव्या पिचरपासून होईल असं दिसतं. फ्लाय-बॉलवाला, म्हणजे ज्याच्या चेंडूवर फटके हवेत उडतात असा, एक तरुण पोरगा दोन वर्षं खालच्या लीगमध्ये पडून आहे, 1.20मुळेच. त्याला वर आणायचा विचार आहे. डावखुऱ्याला पहिल्या बेसवर हलवावं असंही एकाने सुचवलंय. तिथे त्याचं रेटिंग 80च्या मापावर 35 दाखवतंय, सांभाळून घेता येईल. पहिली मालिका घरी, पुण्याविरुद्ध. एक्स्पोर्टची मुदत बुधवारी रात्री. परवा मैदानाचं पान पुन्हा उघडून पाहिलं, होम रनसमोर 1.05 आहे, ट्रिपलसमोर अजून 1.00.