सेडमला पाणी लागतच नाही?

"सेडम लावा आणि विसरून जा, पाणी घालायचंच नाही." सेडम या जाड, रसाळ पानांच्या, जमिनीवर पसरणाऱ्या झाडाबद्दल बागवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरणारा हा सल्ला अर्धाच खरा आहे.

युरोपात सेडम आक्रे ही जात खडकांवर, जुन्या भिंतींवर आपसूक वाढतं. जर्मनीत सपाट छपरांवर जेमतेम ८-१० सेंटीमीटर खडीमिश्रित थरात सेडमचे गालिचे असतात. पाणी तुटलं की अनेक जाती ते वाचवायला दिवसा पानांची रंध्रं (बारीक छिद्रं) मिटतात आणि कार्बन डायऑक्साइड रात्री घेतात. पण ही सगळी करामत मुळं धरलेल्या झाडाची. नुकत्याच खोचलेल्या फांदीला पहिले काही आठवडे माती सुकली की पाणी द्यावंच लागतं.

आपल्याकडे मात्र सेडम तहानेने कमी आणि पावसाळ्यात जास्त मरतं. पान सुरकुतलं तर तहान; पिवळट, पारदर्शक होऊन बोटाने दाबताच फुटलं तर मुळं कुजतायत. शेणखत घालून लाड करू नका, फांद्या लांबुळक्या होऊन लोळतात. मातीत निम्मी जाड वाळू किंवा बारीक खडी मिसळा, वाफा थोडा उंच ठेवा.

आणि हो, यावर लॉनसारखं चालता येत नाही. पानं चिरडतात. मध्ये फरश्या टाका.